आमच्या बोक्याचा मधुमेह
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



लोणची-मुरंबे, भरतकाम, मुलांचे अभ्यास अशा विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. मांजरावर बोलायला मात्र आजवर कोणी उभे राहिले नसावे. कार्यवाहबाईंनी आग्रह धरला त्याला कारण आहे. आपल्या आळीत निदान दहा घरी मांजरे आहेत, आणि “तुमच्या गुंड्याला रोज सुई टोचता म्हणे, खरे का हो?” असे मला विचारणाऱ्या भगिनी त्याहूनही अधिक आहेत. खरे आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, गेली दोन वर्षे.

मधुमेह हा माणसांचाच रोग, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो मांजरांनाही होतो. विशेषतः वय झालेल्या, नसबंदी झालेल्या, घरात बसून अंग धरलेल्या बोक्यांना. आमचा गुंड्या अकरा वर्षांचा, चांगला साडेसहा किलोंचा. त्या उन्हाळ्यात तो न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागला. वाळूचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागे. खाणे वाढले, अंग मात्र उतरले. पुढे तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायची सोडून खालीच बसून वर पाहत राहू लागला. यांतले काही आपल्या घरी दिसले तर उन्हाळ्याला दोष देत बसू नये, डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी, दोन्ही तपासली. मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीनेही चढते. म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन नावाची आणखी एक तपासणी केली, आणि मगच इन्सुलिन सुरू केले.

सुईची धास्ती मला फारशी वाटली नाही. सासूबाई स्वतः वीस वर्षे इन्सुलिन घेत आहेत. खरी पंचाईत निराळीच होती. डॉक्टर म्हणाले, “दूधभात बंद, पोळी बंद, कोरडे दाणेसुद्धा बेताचेच. याला मांस हवे.” मांजर हा मूळचा मांसावर जगणारा प्राणी. पिष्ट पदार्थ त्याला पेलत नाहीत, मधुमेहात तर नाहीतच. आणि आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही! सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन अटी घातल्या. मांसाचे डबे मागच्या गॅलरीत राहतील, चमचा आणि ताटली वेगळी असेल, आणि ती ओट्यावर येणार नाहीत. “मला साखर सोडायला लावलीत, तेव्हा माझ्या आवडीचे काही कोणी विचारले नव्हते. त्याला निदान त्याच्या आवडीचे तरी मिळते आहे,” असेही म्हणाल्या. आजतागायत गॅलरीची ती सीमा कोणी ओलांडलेली नाही. एक लक्षात ठेवावे. खाणे बदलले की इन्सुलिनची गरजही घटू शकते. म्हणून आहार बदलायचा तो डॉक्टरांना सांगूनच.

आता घड्याळाची गोष्ट. दोन इंजेक्शनांत साधारण बारा तासांचे अंतर लागते, आणि गृहिणीचे सकाळचे सात व संध्याकाळचे सात कसे असतात हे तुम्हांला सांगायला नको. संक्रांतीचे हळदीकुंकू आम्ही आता चार ते साडेसहा ठेवतो. तरी कोणी रेंगाळले, तर वाण देता देता मी आत जाऊन येते. कातडीची चिमूट वर धरायची, सुई आत, झाले. त्याचे तोंड तेव्हा ताटलीत असते, त्याला पत्ताही लागत नाही. लग्नकार्याला परगावी जायचे तर शेजारच्या घरची कॉलेजात जाणारी मुलगी हे काम करते. तिला मी आठ दिवस समोर उभी करून शिकवले. पाहुण्यांचा उपद्रव मोठा. “एक पेढा खाल्ल्याने काय होतंय?” म्हणणारे सासूबाईंनाही सोडत नाहीत, तर बोक्याला काय सोडणार!

इंजेक्शन दिले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तत्काळ खूण, मग देणारा कोणीही असो. खूण नाही आणि दिले की नाही याची शंका आहे, तर पुन्हा द्यायचे नाही. एक वेळ चुकली तर निभावते. दोनदा दिले तर जीवावर बेतते. गणपतीत ढोलताशांना भिऊन गुंड्या पलंगाखाली शिरला आणि काही खाईना. तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला व त्यांच्या सांगण्यावरून ती वेळ टाळली. साखर फार उतरली तर मांजर लटपटते, गळून जाते, झटकेही येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळावा, घशात ओतू नये, आणि तडक दवाखाना गाठावा.

आमच्या फ्रिजमध्ये सासूबाईंची आणि गुंड्याची अशा दोन शिश्या असतात, म्हणून मुद्दाम सांगते. एका जातीच्या इन्सुलिनमध्ये मिलिलिटरला ४० युनिटे असतात, दुसरीत १००. सिरिंजाही वेगळ्या. आपल्याकडे ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चे औषध ४० च्या सिरिंजेत त्याच रेघेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. दोन्ही डब्यांवर सासूबाईंनी आपल्या हाताने ठळक नावे लिहिली आहेत.

“माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला इन्सुलिन देता?” असेही मला ऐकवले गेले आहे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे पुरेसे उत्तर माझ्यापाशी नाही. इतकेच सांगते, की १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी हे औषध शोधले ते कुत्र्यांवर प्रयोग करून, आणि पुढे कित्येक दशके ते गुरे-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. त्यातून माझ्या घरातले एक माणूस वाचले आहे. गुंड्याचा खर्च मी शिकवणीच्या पैशांतून करते; मंडळाची वर्गणी थकलेली नाही.

काही मांजरांचे इन्सुलिन वेळीच उपचार झाल्यास काही महिन्यांत सुटते. आमचा त्यांतला नाही. पण पाय सुधारले आहेत, आणि कट्ट्यावर त्याची जागा पुन्हा त्याचीच झाली आहे.

शेवटी सुयांचे. त्या केरात टाकू नका. आपला केर उचलणाऱ्या बायका तो हातांनी निवडतात. मी जाड प्लॅस्टिकची बरणी ठेवली आहे, झाकण घट्ट. भरली की दवाखान्यात देऊन येते. सासूबाईंच्या सुयाही त्यातच जातात. कोणाच्या घरी इन्सुलिन चालू असेल, तर अशा दोन रिकाम्या बरण्या माझ्याकडे आहेत, घेऊन जा.