सोफासेटाविना बैठक

घराला रंग काढायचा ठरला की बैठकीच्या खोलीचा विषय निघतोच, आणि बहुतेक घरांत तो एकाच ठिकाणी येऊन थांबतो: जुनं काढून टाकू, नवा सोफासेट घेऊ. आजोबांच्या वेळची सागवानी आरामखुर्ची, मधल्या काळात हप्त्यांवर घेतलेला सोफा, मुलांनी ऑनलाइन मागवलेलं बारीक पायांचं टेबल, यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे, पण तिचं कारण चुकीच्या जागी शोधलं जातं असं मला वाटतं. या वस्तू वेगवेगळ्या काळातल्या आहेत म्हणून खोली विस्कटलेली दिसत नाही. त्यांच्या उंचीचा, त्यांच्यावरच्या कापडाचा आणि त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडाचा एकत्र विचार कुणी केलेला नसतो, म्हणून ती तशी दिसते. हा विचार करायला सोफासेटाच्या किमतीचा लहानसा हिस्सा पुरतो.

एकाच घडणीच्या वस्तूंनी खोली भरायची, ही चाल आपल्याकडे तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यांचे दिवाणखाने आठवा. खाली गाद्या-तक्क्यांची देशी बैठक, वर विलायती हंड्या-झुंबरं, भिंतीवर मोठे आरसे. 1894 साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाल्यावर त्यांच्या युरोपीय धाटणीच्या देवादिकांच्या तसबिरीही घराघरांत आल्या. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या असत. त्यांचं मूळ व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 मध्ये काढलेल्या खुर्चीत आहे. त्यांच्या शेजारी संगमरवरी टेबलं, भिंतींवर आरसे, गल्ल्यावर बिस्किटांच्या बरण्या. तिथे कुणाला काही विजोड वाटलं नाही. याचं कारण शोधलं तर साधं आहे. खुर्च्या सगळ्या एका उंचीच्या, लाकूड सगळं एका गडद छटेचं, आणि फर्निचर बेताचंच, त्यामुळे प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा.

आपल्या खोलीत हेच करायचं तर सुरुवात मोजपट्टीने करावी. सोफ्याची बैठक साधारण सोळा ते अठरा इंच उंच असते. दिवाण, खुर्च्या, स्टुलं या उंचीच्या आसपास आणली की बसलेली माणसं एका पातळीवर येतात आणि निम्मा विस्कळीतपणा तिथेच जातो. दिवाण ठेंगणा असेल तर सुतार त्याच्या पायांना खालून ठोकळे बसवून देतो. उंच असेल तर गादी पातळ करून घेता येते. मधलं टेबल बैठकीपेक्षा इंच-दोन इंच खालीच बरं. मग लाकडाचा रंग. सगळं लाकूड एकसारखं दिसायला हवं हा हट्ट सोडावा, पण तांबूस आणि पिवळट यांतली एक छटा निवडून तिला बहुमत द्यावं. जुन्या सागवानाला सनमायका लावून झाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. घासून चपड्याचं पॉलिश केलं की त्याच्या रेषा पुन्हा दिसू लागतात. लाखेपासून केलेलं हे पॉलिश खराब झालं तर तेवढ्याच भागावर पुन्हा हात फिरवता येतो. कापडाचं तर त्याहून सोपं: सोफ्याच्या उशा, दिवाणावरची चादर आणि आरामखुर्चीची गादी एकाच ताग्यातून शिवून घ्या. वस्तू तीन पिढ्यांच्या असल्या तरी नजर आधी कापड पाहते. आणि उजेड! पांढऱ्याफेक ट्यूबलाइटखाली उत्तम सागवानही राखाडी, निर्जीव दिसतं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 केल्विनचे दोन दिवे कोपऱ्यांत लावून पाहावेत. सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत मोठा फरक इथेच पडतो.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, वन बीएचकेच्या छोट्या हॉलमध्ये आजोबांचं अवजड फर्निचर मावणार कसं? सगळं मावणार नाहीच. जड वस्तू एकच ठेवावी, तीही दारासमोर न ठेवता भिंतीलगत. बाकीच्या पाय दिसणाऱ्या, खालून जमीन दिसणाऱ्या असाव्यात. दुसरा आक्षेप पैशाचा: दुरुस्तीला नव्याइतकाच खर्च येतो. कधीकधी येतो, हे मान्य करायला हवं. लाकडाखाली बारीक भुसा पडत असेल, म्हणजे आत कीड चालू असेल, किंवा वाळवीने पाय पोखरले असतील, तर मोह सोडलेला बरा. पण लाकूड निरोगी असेल तर हिशेब वेगळा होतो. स्वस्त नव्या फर्निचरमध्ये बहुधा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी असते. पावसाळ्यातली ओल कडांतून शिरली की ती फुगते, आणि स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. सागवानी खुर्चीचे सांधे उकलून पुन्हा बसवता येतात. म्हणून दोन्हींच्या आजच्या किमतींची तुलना अपुरी पडते; वस्तू किती वर्षं चालेल आणि किती वेळा दुरुस्त होईल, हेही त्यात धरावं लागतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: असं काम करणारी माणसं आता सापडत नाहीत. सोसायटीत येणारा कारागीर प्लायवूडचं काम करतो, जुन्या सांध्यांना हात लावायला तयार नसतो. अशा वेळी जुन्या फर्निचरच्या बाजारात चौकशी करावी. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात विक्रेत्यांच्या मागेच पॉलिशवाले आणि सुतार काम करताना दिसतात. वेताची वीण उसवली असेल तर आणखी एक वाट आहे. खुर्च्या विणण्याचं काम अंध व्यक्तींना शिकवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि काही संस्था बाहेरची कामंही घेतात. आपल्या शहरात अशी संस्था आहे का ते विचारा, आणि खुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी विणकामाचा भाव एकदा काढा.