घटक चाचणी कशास म्हणावे?



शाळेतील घटक चाचणी सर्वांच्या परिचयाची आहे. संगणकाच्या आज्ञावलीचीही घटक चाचणी घेतली जाते. मात्र कोणत्याही तपासणीस हे नाव दिले जात असल्याने, खरी घटक चाचणी कोणती हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

सोलापूरच्या जेकार्ड चादरीवरून हे सहज उमगेल. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रात नक्षी छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर उतरविलेली असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. छिद्र असेल तेथे उभा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. पुढे प्रारंभीच्या संगणकांनाही अशाच छिद्रित पत्त्यांवरून आज्ञा दिल्या जात. माळेत ओवण्यापूर्वी एकेक पुठ्ठा आलेखाशी ताडून पाहणे, ही घटक चाचणी होय. माळ मागावर चढवून वीतभर चादर विणून पाहणेही आवश्यकच. परंतु तेथे फूल बिघडले, तर दोष पुठ्ठ्याचा, धाग्याचा की मागाचा, हे लगेच कळत नाही.

आज्ञावलीचेही तसेच आहे. समजा, सातबाऱ्यावरील क्षेत्राची बेरीज करणारा तिचा एक लहानसा भाग आहे. १०० आर म्हणजे १ हेक्टर. म्हणून ६० आर व ५० आर दिले असता उत्तर १ हेक्टर १० आरच आले पाहिजे. हे पाहण्यास गावाचे दप्तर लागत नाही. मायकेल फेदर्स या तज्ज्ञांनी २००५ मध्ये अशी कसोटी सांगितली की, जी चाचणी माहितीसाठ्याशी वा संगणकजाळ्याशी संपर्क साधते, फाइलींना हात लावते, इतर चाचण्यांबरोबर एकाच वेळी चालत नाही किंवा जिच्यासाठी खास मांडणी करावी लागते, ती घटक चाचणी नव्हे. अशा चाचण्या त्याज्य नाहीत. त्यांचे स्थान निराळे आहे. घटक चाचणी मात्र क्षणात होते, प्रत्येक फेरबदलानंतर घेता येते आणि दोषाच्या जागी नेमके बोट ठेवते.

नोंदीतील क्षेत्र चुकले, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे शेतकऱ्यालाच घालावे लागतात. म्हणून नवी आज्ञावली स्वीकारताना ‘चाचणी झाली’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. कोणता भाग, कोणत्या अपेक्षित उत्तराशी ताडला, आणि सर्व भाग एकत्र जोडून प्रत्यक्ष कामकाजाची चाचणी वेगळी घेतली काय, हे अवश्य विचारावे. पुठ्ठा निर्दोष असणे आणि चादर निर्दोष असणे, या दोन्ही गोष्टींची खात्री स्वतंत्रपणे करून घेणे, यातच जनतेचे हित आहे.