बँकेचा तिमाही हिशेब

खानदेशांत सावद्याचें नांव केळीशीं जोडलेलें आहे. रावेर तालुक्यांतील या गांवाहून केळी दूर दिल्लीपर्यंत जातात, आणि घडांचा पैसा हातीं आला म्हणजे तो कोठें ठेवावा, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. ठेव कोठें ठेवावी हा जुना प्रश्न. बँकेंत ठेव ठेवावी कीं बँकेचे भाग, म्हणजे शेअरच, विकत घ्यावे, हा नवा. अमुक बँकेचा तिमाही नफा इतका वाढला, असा मथळा वर्तमानपत्रांत आला म्हणजे या नव्या प्रश्नास विशेष जोर चढतो. त्या मथळ्यावर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार एका परिचित बँकेच्या उदाहरणानें करणें सोयीचें होईल.

बँक ऑफ महाराष्ट्र ही पुण्यास १९३५ सालीं स्थापन झाली व १९३६ च्या आरंभीं तिचें कामकाज सुरू झालें. त्याच वर्षाअखेर सावद्याशेजारीं फैजपूरला काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें होतें. १९६९ सालीं ही बँक राष्ट्रीयीकृत झाली, आणि २००४ सालीं तिचे भाग सर्वसामान्यांस खुले झाले.

या बँकेच्या दोन तिमाह्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तीन महिन्यांत तिला सुमारें ३,७६४ कोटी रुपये तोटा झाला. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत सुमारें १,४९३ कोटी रुपये नफा झाला. नुसते आंकडे पाहणारा म्हणेल, पहिली तिमाही बुडतीची आणि दुसरी भरभराटीची. परंतु पहिल्या तोट्याचें मुख्य कारण असें कीं, मागें दिलेलीं व थकलेलीं कर्जें बुडणार हें मानून बँकेनें त्यांसाठीं मोठी तरतूद बाजूस काढली. शेंकडा सतराहून अधिक कर्ज तेव्हां थकलेलें होतें. करपा लागलेलीं पानें कापून टाकलीं म्हणजे बाग कांहीं दिवस ओकीबोकी दिसते. पण रोग झांकून ठेवण्यापेक्षां तें बरें. सरकारनेंहि भांडवल पुरविलें, आणि रिझर्व्ह बँकेनें जून २०१७ मध्यें घातलेले विशेष निर्बंध जानेवारी २०१९ अखेर उठविले. मार्च २०२५ अखेर थकीत कर्जाचें प्रमाण शेंकडा पावणेदोनच्या आसपास उतरलें होतें. सारांश, रोग पूर्वींच्या वर्षांचा होता; त्या तिमाहींत केवळ त्याचा हिशेब झाला.

नफ्याचीहि अशीच चिकित्सा करावी. तो व्याजाच्या निव्वळ उत्पन्नांतून आला, कीं जुनी मालमत्ता विकून, कीं यंदा तरतूद कमी केल्यामुळें, हें पाहावें. मार्च २०२५ च्या तिमाहींत व्याजाचें निव्वळ उत्पन्न मागील वर्षापेक्षां सुमारें शेंकडा वीस वाढलें, ही जमेची बाजू होय. ठेवींपैकीं निम्म्याहून अधिक रक्कम चालू व बचत खात्यांत होती. अशा ठेवी बँकेस स्वस्त पडतात.

तथापि पुढील काळाचा विचार निराळा आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळांत रिझर्व्ह बँकेनें रेपो दर शेंकडा साडेसहावरून साडेपांचवर आणला. दर उतरले म्हणजे पुष्कळ कर्जांचें व्याज लागलीच कमी होतें, पण मुदतीच्या ठेवींवर कबूल केलेलें व्याज मुदत संपेपर्यंत द्यावेंच लागतें. मधल्या काळांत बँकेची कमाई आकसते. शिवाय मार्च २०२५ अखेर सरकारचा हिस्सा शेंकडा ७९ हून अधिक होता. निदान शेंकडा २५ भाग जनतेकडे असावे असा नियम असल्यानें आणखी भाग बाजारांत आणणें सरकारास तेव्हां प्राप्त होतें. आणि आवक वाढली कीं भावाचें काय होतें, हें केळी पिकविणारास शिकवावें लागत नाहीं.

त्या वर्षाचा लाभांश दर भागास दीड रुपया होता. भाग पन्नास रुपयांस घेतला असें धरलें, तर उत्पन्न शेंकडा तीनच पडतें. बाकीची आशा भाव चढण्यावर. आणि चांगली वार्ता सर्वांस कळेपर्यंत भाव बहुधा चढून गेलेला असतो.

येथें एक भेद विसरूं नये. ठेवीदारास फेब्रुवारी २०२० पासून बँकेमागें व्याजासह पांच लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. भागधारकास तसें कांहींच नाहीं. बँक बुडाल्यास त्याचा हक्क सर्वांच्या शेवटीं. म्हणून पुढील लागवडीचा, पीककर्ज फेडण्याचा वा मुलीच्या शिक्षणाचा पैसा भागांत गुंतवूं नये. जो अनेक वर्षें लागणार नाहीं, तेवढ्याचाच विचार करावा. आणि तोहि एका तिमाहीवरून नव्हे, तर निदान आठ-दहा तिमाह्यांचे हिशेब ओळीनें मांडून. मृगांत लावलेल्या केळीची पारख कोणीहि तिसऱ्या महिन्यांत करीत नाहीं. बँकेच्या बाबतींतहि तोच धीर हितावह आहे.