आज इमर्जन्सी कुणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी अंबरनाथचा. कविता लिहितो, शिक्षण बी.ए. डॉक्टरीशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. पण वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढताना माणूस बरंच काही शिकतो. आज त्याविषयी बोलावंसं वाटलं, कारण आमच्या गावात आता वैद्यकीय महाविद्यालय आलंय. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथचंही एक होतं. विद्यार्थ्यांच्या जागा शंभर. चहाच्या टपरीवर जो तो म्हणू लागला, आता शीवला आणि केईएमला धावायची कटकट संपली. मला मात्र १९९१ च्या पावसाळ्यातली एक रात्र आठवली.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. अब्बा कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आले आणि पोट धरून दारातच बसले. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. जवळच्या एका रुग्णालयात नेलं. तिथे सर्जन होते, पण रात्री भूल देणारा डॉक्टर नव्हता. ‘मुंबईला न्या’ एवढं ऐकेपर्यंत तासभर गेला. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनी आपली व्हॅन दिली, म्हणून आम्ही पोहोचलो. कळव्याचं वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अजून सुरू व्हायचं होतं, ते १९९२ साली झालं. त्यामुळे थेट मुंबई, महाविद्यालयाला जोडलेलं एक मोठं रुग्णालय.

कॅज्युअल्टीत एक पोरगेलासा डॉक्टर पुढे आला. माझ्याच वयाचा वाटला. त्यानं पोटाला हात लावला, एक्स-रे काढायला पाठवलं, नाकातून नळी घातली. मी चिडून विचारलं, ‘मोठे डॉक्टर कुठे आहेत?’ तो शांतपणे म्हणाला, ‘आज आमच्या युनिटची इमर्जन्सी आहे. रजिस्ट्रार येतायत, लेक्चररना कळवलंय. तुम्ही आधी रक्ताची सोय बघा.’

‘युनिट’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे अब्बा बारा दिवस तिथे होते, आणि त्या बारा दिवसांत त्याचा अर्थ कळत गेला.

मोठ्या रुग्णालयाचा शल्यचिकित्सा विभाग हा एका सर्जनचा दवाखाना नसतो. त्याची युनिटं पाडलेली असतात. प्रत्येक युनिटच्या वाट्याला ठरावीक खाटा असतात आणि आठवड्याचे वारही ठरलेले असतात. अमुक वारी ओपीडी, अमुक वारी ऑपरेशनं, अमुक वारी इमर्जन्सी. ज्या युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी तुम्ही दाखल झालात, त्या युनिटचे तुम्ही झालात, ते घरी जाईपर्यंत. म्हणून जुना वॉर्डमामा नाव-गाव न विचारता आधी विचारतो, ‘कुठल्या युनिटचा पेशंट?’

युनिटमध्ये शिडी असते. वर प्राध्यापक, त्यांच्या खाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक. सहायकाला तेव्हा लेक्चरर म्हणत. मग सीनियर रेसिडेंट. त्याखाली एम.एस. करणारे तीन वर्षांचे निवासी डॉक्टर. तेव्हाच्या मुंबईच्या भाषेत नवखा तो हाउसमन आणि मुरलेला तो रजिस्ट्रार. मग इंटर्न आणि शेवटी एम.बी.बी.एस.ची मुलं. या शिडीत नसलेली, पण जिच्यावाचून शिडी उभी राहत नाही अशी एक व्यक्ती म्हणजे वॉर्डाची सिस्टर. डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, सिस्टरला मात्र वॉर्ड पाठ असतो.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. ते रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. जर्मनीतली पद्धत पाहून आलेल्या हॉल्स्टेडनी तिथे नियम घालून दिला, की शिकणाऱ्यानं रुग्णालयातच राहायचं आणि जबाबदारी पायरीपायरीनं वाढत जायची. निवासी डॉक्टर हा शब्द त्यातूनच आला.

आमच्याकडच्या लोकांना हे समजावायला मला उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्याचं उदाहरण सोपं पडतं. नवा पोऱ्या आधी धागे तोडतो, मग बटणं लावतो, मग सरळ शिलाईवर बसतो. कापडाला कात्री मास्तरच लावतो, कारण कापड एकदा कापलं की कापलं. शस्त्रक्रियेतही नवा डॉक्टर आधी ड्रेसिंग करतो, वरची कातडी शिवतो, मग वरिष्ठासमोर लहान ऑपरेशन करतो. कधीतरी त्याच्या हातात चाकू द्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या पिढीला सर्जन मिळणार कुठून? प्रश्न एवढाच, की त्या वेळी त्याच्या मागे कोण उभं आहे?

अब्बांच्या जठराचा अल्सर फुटला होता. भोक बुजवायला पोटातल्याच चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावतात. ते काम रजिस्ट्रारनी केलं आणि लेक्चरर समोर उभे होते. हे मला त्या हाउसमननंच नंतर सांगितलं. त्या रात्री मात्र मी बाहेर लोकांना सांगत होतो, ‘गरिबाचं पोट आहे, शिकाऊ पोरांच्या हाती दिलंय.’

सकाळी राउंड आला. पुढे सर, मागे वीसएक माणसं. सरांनी अब्बांना हात लावण्याआधी हाउसमनला विचारलं, ‘रात्री लघवी किती झाली?’ त्यानं आकडा सांगितला. ‘नाडी? नळीतून किती आलं? ताप कधी घेतला?’ एका प्रश्नावर तो अडखळला आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली, तर तोच पोरगा लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाकून वाचत होता. सकाळचा प्रश्न त्याच्यासोबत रात्रभर जागत होता. विभाग चालतो म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं. वरच्यानं रोज विचारायचं आणि खालच्याला उत्तर ठाऊक असायचं.

आणखी एक गोष्ट अशा विभागात व्हावी लागते, ती आपल्याला दिसत नाही. दगावलेल्या आणि गुंतागुंत झालेल्या रुग्णांची बैठक. काय चुकलं, कुठे उशीर झाला, हे सगळ्यांसमोर मांडायचं. उर्दू शायरीत उस्तादासमोर गझल ठेवतात, तो निर्दयपणे शब्द खोडतो, त्याला इस्लाह म्हणतात. मला ती बैठक तशीच वाटते. फरक इतकाच, की इथे खोडलेली ओळ पुन्हा लिहिता येत नाही, पुढच्या माणसाची तेवढी सांभाळता येते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी एक तपासणी यादी दिली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं. माणूस तोच ना, बाजू तीच ना, कापसाचे बोळे मोजले ना, हे मोठ्यानं विचारायचं. तिथेही पुन्हा प्रश्नच.

या शिडीच्या पायऱ्या निखळतातही. वरची पदं रिकामी राहतात, मग सगळा भार खालच्यावर येतो. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी असं म्हटलंय. प्रत्यक्षात ही मुलं दिवस-रात्र आणि पुन्हा दिवस उभी असतात. न झोपलेल्या मुलावर हात उगारणारा नातेवाईक मी पाहिलाय. मी स्वतः त्याच्यापासून फार लांब नव्हतो.

म्हणून अंबरनाथच्या महाविद्यालयाचा आनंद मानताना थोडा धीर धरायला हवा. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ साली लष्करी बराकींत सुरू झालं, आणि त्याला महाविद्यालय जोडलं गेलं ते १९६४ साली. बराकींतून काय काय उभं राहतं, हे उल्हासनगरकरांना मी सांगायला नको, पण त्याला वर्षं लागतात. आपल्याकडच्या पहिल्या तुकडीची साडेचार वर्षं आणि मग इंटर्नशिप, म्हणजे त्यांतला एखादा सर्जन व्हायला पुढचं दशक उजाडेल. इमारत दिसते, फलक दिसतो. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आपण विचारायला हवं. शल्यचिकित्सेची युनिटं किती? प्राध्यापकांची पदं भरली का? रात्री भूलतज्ज्ञ आहे का? रक्त आहे का? सिस्टर पुरेशा आहेत का? अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये एखादा पोरगा लोकलमधून पडला, तर त्याचा जीव या उत्तरांवर ठरणार आहे.

आणि आपल्याकडूनही काही द्यावं लागेल. त्या शंभर मुलांना शिकायला आपलीच पोटं लागणार. अब्बांच्या खाटेभोवती विद्यार्थी जमायचे. पहिल्या दिवशी ते कुरकुरले, ‘माझ्या पोटाचा फळा केलाय.’ मग एका मुलीनं दुपारी एकटीनं येऊन विचारलं, ‘चाचा, मी तपासू का? दुखलं तर लगेच सांगा.’ त्यांनी स्वतःच सदरा वर केला. एवढं विचारलं की माणूस देतो. पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना व्रण दाखवून सांगायचे, ‘सात डॉक्टर शिकवलेत मी.’

तेव्हा उद्या आपल्या गावच्या रुग्णालयात जायची वेळ आली, तर पोरगेल्या डॉक्टरला पाहून ‘मोठे डॉक्टर कुठे?’ म्हणून ओरडू नका. ‘आज इमर्जन्सी कुणाची, आणि तुमचे सीनियर कोण?’ असं विचारा. त्यानं नाव सांगितलं आणि ते सीनियर खरंच आले, तर समजा की आपल्या गावात महाविद्यालय झालं.