नियम संपतात तेथे



शिक्षण संपवून निघालेल्या विद्यार्थ्याला निरोपाचे चार शब्द सांगण्याची प्रथा भारतात किती जुनी आहे, याची साक्ष तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीचा अकरावा अनुवाक देतो. सत्य आणि धर्म यांत कसूर करू नये, अध्ययन आणि अध्यापन सोडू नये, आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानावे, जे द्यायचे ते श्रद्धेने आणि विनयाने द्यावे, अशा त्यातील आज्ञा महाविद्यालयांच्या भिंतींवर आणि बोधचिन्हांवर इतक्या वेळा कोरल्या गेल्या आहेत, की त्या वाचूनही न वाचल्यासारख्या होतात. याच अनुवाकाच्या पुढच्या भागाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, आणि विचाराच्या दृष्टीने तोच भाग अधिक मोलाचा आहे. तेथे आचार्य प्रथम एक कबुली देतो: गुरूंच्या वर्तनात जे चांगले असेल तेवढ्याचेच अनुकरण करावे, बाकीच्याचे करू नये. आपल्या वागण्यातही टाकण्याजोगे काही असू शकते, हे शिष्याला उघडपणे सांगणारा शिक्षक कोणत्याही काळात विरळाच म्हणावा लागेल.

त्यानंतर येतो तो शंकेचा प्रश्न. एखादे कृत्य करावे की करू नये असा संशय म्हणजे कर्मविचिकित्सा, आणि एखाद्या प्रसंगी किंवा एखाद्या माणसाशी कसे वागावे असा संशय म्हणजे वृत्तविचिकित्सा. असे संशय पुढील आयुष्यात उभे राहणार हे गृहीत धरून आचार्य त्यांवर आणखी एखादा नियम सांगत नाही. त्या ठिकाणी जे विचारी आहेत, कोणी सांगितल्यावाचून कर्तव्य करणारे आहेत, वृत्तीने रूक्ष नाहीत आणि ज्यांना धर्माचीच इच्छा आहे, ते जसे वागत असतील तसे वागावे, एवढेच तो सांगतो. विशेष असे की हाच सल्ला तो लगेच पुन्हा देतो, तोही ज्यांच्यावर दोषारोप झाला आहे अशा माणसांशी कसे वागावे या संदर्भात. आरोप झालेल्या माणसाशी वागताना आजूबाजूच्यांचा रूक्षपणा सर्वांत लवकर उघडा पडतो, हे ज्याला दिसले होते त्याला माणसांच्या रोजच्या व्यवहाराची चांगलीच पारख असली पाहिजे.

नियम जेथे संपतात तेथे माणसाने कशाच्या आधारे वागावे, हाच प्रश्न ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. 384 ते 322) निराळ्या मार्गाने हाताळला. त्याच्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या दहा भागांच्या ग्रंथातील सहावा भाग बुद्धीच्या वेगवेगळ्या गुणांविषयी आहे. जे नेहमी तसेच असते आणि जे सिद्ध करून दाखवता येते त्याचे ज्ञान म्हणजे शास्त्र. वस्तू घडवण्याचे जाणते सामर्थ्य म्हणजे कला किंवा कसब. आणि बदलत्या परिस्थितीत माणसाच्या दृष्टीने हितकर काय, हे ओळखून त्याप्रमाणे वागण्याची शक्ती म्हणजे फ्रोनेसिस, जिला मराठीत व्यवहारप्रज्ञा म्हणता येईल. येथे ‘व्यवहार’ म्हणजे फायद्यातोट्याचा हिशेब नव्हे. ध्येय वाईट असताना ते चातुर्याने साधणाऱ्याला ॲरिस्टॉटल हुशार म्हणतो, प्रज्ञावंत म्हणत नाही. याच विवेचनात त्याने नोंदवलेले एक निरीक्षण पदवीदानाच्या दिवशी थोडे अवघड वाटले तरी सांगितले पाहिजे: तरुण माणसे भूमितीत आणि गणितात निष्णात होऊ शकतात, परंतु व्यवहारप्रज्ञा तरुणांत आढळत नाही, कारण तिचा संबंध विशिष्ट प्रसंगांशी असतो आणि ते प्रसंग केवळ अनुभवाने, म्हणजेच काळ गेल्यावर, परिचयाचे होतात. विद्यापीठ ज्याची परीक्षा घेऊ शकते ते शास्त्र आणि कसब. तिसऱ्या गुणाची परीक्षा घेण्याची सोय कोणत्याही विद्यापीठात नाही आणि ती नाही हे बरेच आहे.

तरीही ॲरिस्टॉटलचे म्हणणे निराशेचे नाही. न्याय्य कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करता करता धीट होतो, असे तो ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सांगतो. सद्गुण जन्मतः मिळत नाहीत आणि नुसत्या व्याख्यानांनीही येत नाहीत. ते सवयीने अंगी बाणतात. या मताचा परिणाम दूरगामी आहे. चांगले जगणे हे आयुष्यात एकदाच घ्यायच्या मोठ्या निर्णयांवर, म्हणजे व्यवसायाच्या, विवाहाच्या किंवा परदेशगमनाच्या निवडीवर अवलंबून असते, असा समज तरुण वयात सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ते निर्णय घेणारा माणूस त्याआधीच्या हजारो लहान वागणुकींनी घडलेला असतो. उशीर झाल्यावर खरे कारण सांगणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्याच्या नावावर मांडणे, कार्यालयात एखाद्याविषयी कुजबूज सुरू झाली असता तीत भर न घालणे, या गोष्टींची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही. पण मोठ्या प्रसंगी माणूस कसा वागेल हे त्याच गोष्टी आधी ठरवून ठेवतात.

येथवर उपनिषदाचा आचार्य आणि ग्रीक तत्त्वज्ञ यांचे बरेचसे जमते. ॲरिस्टॉटलही व्यवहारप्रज्ञेचे स्वरूप समजण्यासाठी ती ज्यांच्यापाशी आहे अशा माणसांकडेच बोट दाखवतो आणि अथेन्सचा नेता पेरिक्लीज याचे उदाहरण देतो. मात्र दोघांची मर्यादाही एकच आहे, आणि ती सौम्य शब्दांत झाकणे उचित ठरणार नाही. उपनिषदाने आदर्श म्हणून ज्यांच्याकडे पाहायला सांगितले ते एकाच वर्णाचे आहेत. ॲरिस्टॉटलच्या सुजीवनाच्या कल्पनेतून गुलाम तर पूर्णपणे वगळलेले आहेत आणि स्त्रियांना दुय्यम स्थान आहे. ज्यांच्या श्रमावर विचारवंतांचा निवांतपणा उभा होता, त्यांच्या अनुभवाला प्रज्ञेचे मूळ मानण्यास हे विचारवंत तयार नव्हते. रोजचे जगणे समजून घ्यायचे आणि ते ज्यांच्या हातांनी चालते त्यांनाच त्या समजुतीबाहेर ठेवायचे, ही विसंगती साधी नाही. महाराष्ट्रातील संतपरंपरेत सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, चोखामेळा आणि जनाबाई यांची नावे आदराने घेतली जातात, त्याचे एक कारण असे, की त्यांच्या रचनांत मळा, चाक, उंबरठा आणि जाते ही विचाराची स्थळे झाली. अर्थात आदराने नाव घेणे आणि बरोबरीने वागवणे यांत केवढे अंतर राहू शकते, हे चोखामेळ्याला मंदिराच्या दाराबाहेर जे सोसावे लागले त्यावरून दिसते.

उपनिषद आणि ॲरिस्टॉटल यांच्या मर्यादेपलीकडे पाहणारा एक प्राचीन ग्रंथ म्हणजे पाली दीघनिकायातील सिगालोवादसुत्त, ज्यात भिक्षूंना नव्हे तर एका गृहस्थाला उपदेश केलेला आहे. बौद्ध वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांना सखोलपणे करून देण्याचे श्रेय बव्हंशी धर्मानंद कोसंबी यांच्याकडे जाते. गोव्यातील सांखवाळ येथे 1876 साली जन्मलेले कोसंबी ज्ञानासाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश येथे गेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. सुत्तातील प्रसंग साधा आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो, कारण वडिलांनी मरताना तसे करायला सांगितलेले असते. बुद्ध त्या प्रथेची टिंगल करीत नाही. तो दिशांचा अर्थ बदलतो. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामकरी, आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेला नमस्कार करणे म्हणजे त्या नात्यातील कर्तव्ये पार पाडणे, आणि ही कर्तव्ये प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंनी सांगितलेली आहेत.

यांतील खालच्या दिशेकडे अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मालकाने कामकऱ्यांसाठी पाच गोष्टी कराव्यात असे तेथे म्हटले आहे: त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्यांची काळजी घ्यावी, घरात काही चांगलेचुंगले खायला झाले तर त्यांना वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुटी द्यावी. कामकऱ्यांची कर्तव्येही पाचच आहेत, आणि मालकाआधी उठून मालकानंतर झोपणे हे त्यांपैकी एक आहे, तेव्हा या सुत्ताला समतेचा जाहीरनामा म्हणता येणार नाही. तरीही यादीतील विषय थक्क करणारे आहेत. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबरच रजेचाही प्रश्न पुढे आला होता. आणि महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळासाठीचा कायदा व्हायला 2008 साल उजाडावे लागले. इतक्या शतकांपूर्वी जे नीट समजलेले होते ते शिकलेल्या घरांत मागून मिळवावे लागले, याचे कारण ज्ञानाचा अभाव नव्हता; ते घरात रोज येणाऱ्या माणसाकडे घरातल्यांचे लक्षच नसण्यात होते. कित्येक घरांत भांडी घासणाऱ्या बाईचे नाव ठाऊक असते, पण तिला कामावर येण्यासाठी किती वाजता उठावे लागते, हे कोणी विचारलेले नसते.

कष्टकऱ्यांच्या श्रमाकडे होणाऱ्या या दुर्लक्षाचा एक भाग पदवीशी अधिक थेट निगडित आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात असा युक्तिवाद केला, की सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थोड्या वर्गांना मिळतो. म्हणून सामान्य जनतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आधी पाहावे. त्यानंतर शिक्षणाचा प्रसार पुष्कळ झाला, विद्यापीठांची दारे पूर्वी बंद असलेल्या समाजांना उघडली, आणि आज पदवी घेणाऱ्यांत घराण्यातील पहिले पदवीधरही आहेत. तरी पदवीचा खर्च केवळ ज्याने शुल्क भरले त्यानेच उचलला, हा समज फुल्यांच्या युक्तिवादापुढे आजही टिकत नाही. ग्रंथालयातील पुस्तके, प्रयोगशाळेतील उपकरणे आणि प्राध्यापकांचे वेतन यांत अशा असंख्य लोकांचा वाटा असतो ज्यांनी विद्यापीठाचे आवार कधी पाहिलेलेही नसते.

पैशाविषयी उपदेश करताना तत्त्वचिंतक बहुधा अवघडून जातात, किंवा ज्यांच्यापाशी तो नाही त्यांना वैराग्य शिकवतात. ज्या ग्रंथांचा येथे उल्लेख झाला ते या बाबतीत मोकळे आहेत. समृद्धीची हेळसांड करू नये हे तैत्तिरीय उपनिषदातील आचार्याच्या उपदेशातच आहे. सिगालाला तर मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्याचा हिशेबी सल्ला दिलेला आहे. शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असलेल्या स्नातकाला पैसा तुच्छ मानायला सांगणे हे एक प्रकारचे क्रौर्यच होय. प्रश्न पुरेसे म्हणजे किती हा आहे, आणि त्याचे उत्तर आधी ठरवून ठेवले नाही तर ते शेजारी आणि सहकारी ठरवतात. गोपाळ गणेश आगरकर यांनी एम.ए.च्या शिक्षणाच्या काळात आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा तिने धरू नये, पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून आपला वेळ लोकहितासाठी घालवण्याचा निश्चय झाला आहे, असा त्याचा आशय होता. आगरकर 1895 साली, चाळिशीही गाठण्याआधी वारले, आणि त्यांच्या त्यागाची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली, हे विसरता कामा नये. म्हणून ते पत्र सर्वांनी गिरवावा असा कित्ता मानण्याची गरज नाही. त्याचे महत्त्व इतकेच, की ‘पुरेसे’ म्हणजे किती हे त्यांनी कमावू लागण्यापूर्वीच ठरवले होते, आणि त्या निर्णयाची झळ ज्या व्यक्तीला बसणार होती तिला ते अगोदर कळवले होते.



शंका येईल तेव्हा कोणाकडे पाहावे, या उपनिषदातील प्रश्नाचे उत्तर आता थोडे विस्तारावे लागते. विचारी आणि रूक्ष नसलेली माणसे विद्यापीठांत आणि ग्रंथांत भेटतात, तशीच ती रुग्णालयातील रात्रपाळीला, एसटीच्या वाहकात, बाजार समितीतील हमालात आणि घरी आजारी सासूची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीमध्येही भेटतात. त्यांचे शहाणपण पदवीने कळत नाही, ते त्यांच्या शेजारी काही काळ राहिल्यानेच कळते. आज पदवी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाताखाली काही वर्षांतच कोणीतरी काम करू लागेल, कार्यालयात किंवा घरात. त्या माणसाची रजा, त्याचे आजारपण आणि त्याला वेळेवर मिळणारे वेतन या तीन गोष्टी त्याने मागण्यापूर्वीच स्नातकांनी विचारात घ्याव्यात, अशी त्यांना विनंती आहे.