अल्पमोली, बहुगुणी

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली सुरू झाली आणि पुढे या शहरातल्या कित्येक घरांत लेथ हे यंत्र घरच्या माणसासारखे ओळखीचे झाले. लेथवर हयात घालवलेल्या कारागिराला कोणी विचारले, की तुमचे यंत्र मिनिटाला किती फेरे घेते, तर तो आकडा सांगेल. पण मनातून थोडा हसेल. कारण यंत्राची योग्यता फेऱ्यांवर ठरत नाही. दिवसाअखेर मापात बसणारे नग किती उतरले, कच्चा माल वेळेवर हाताशी आला की नाही आणि एकंदर खर्च किती झाला, या तीन गोष्टींवर ती ठरते.

ही साधी शहाणीव १९९८-९९ च्या सुमारास संगणकाच्या दुकानात मात्र पुष्कळांना विसरायला होत असे. तो काळ मध्यमवर्गीयांच्या घरात पहिला संगणक येण्याचा होता. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली संपल्यावरही जबलपुरात मराठी घरे नांदत राहिली. त्यांतल्या नोकरदारांचीही स्थिती इतरांसारखीच होती. मुलगा वा मुलगी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते आहे, संगणक हवा म्हणते आहे. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यावी, तर ती एकदाच घेता येणार. अशा गृहस्थापुढे दुकानदार दोन नावे ठेवी : इंटेल कंपनीचा सेलेरॉन आणि एएमडी कंपनीचा के-सिक्स-टू. दोहोंवर आकडा एकच, ३०० मेगाहर्ट्‌झ. मग घ्यावा कोणता?

प्रथम हे दोघे कोण, ते पाहिले पाहिजे. १९९७ सालच्या मे महिन्यात इंटेलने पेंटियम-टू बाजारात आणला. तो गुणी होता, पण सामान्य खिशाला न झेपणारा. स्वस्त बाजारपेठ हातची जाऊ नये, म्हणून एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन काढला, आणि किंमत उतरवण्यासाठी त्यातली दुय्यम स्मृती, म्हणजे कॅश, सरळ काढूनच टाकली. परिणाम व्हायचा तोच झाला. नाव मोठे आणि लक्षण खोटे, असा त्याचा बोलबाला झाला. इकडे एएमडीने त्याच वर्षी मे महिन्यात के-सिक्स-टू आणला. तेव्हा इंटेलला आपली चूक दुरुस्त करणे भाग पडले. ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००-ए आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्या चकतीवरच कोरलेली होती.

कॅश म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघराइतका चांगला दृष्टांत नाही. मिसळणाचा डबा हाताशी असतो. ती पहिली कॅश. त्यात नसलेला जिन्नस फडताळात असतो, ती दुसरी. तिथेही नसला, तर कोठीघरात जावे लागते. ती संगणकाची मुख्य स्मृती. स्वयंपाकीण कितीही चपळ असली, तरी प्रत्येक चिमटीसाठी तिला कोठीघर गाठावे लागले, तर पंगत खोळंबायचीच. पहिल्या सेलेरॉनच्या घरात फडताळच नव्हते. ३००-ए मध्ये ते आले. लहान, पण चुलीला लागून, आणि प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालणारे. के-सिक्स-टूचा मिसळणाचा डबा दुप्पट मोठा होता, ६४ किलोबाइटचा. सेलेरॉनचा अवघा ३२ चा. मात्र त्याचे फडताळ मधल्या घरात, म्हणजे मदरबोर्डवर. ते बहुधा ५१२ किलोबाइटचे, कधी त्याहूनही मोठे असे. पण तिथवर जाण्यायेण्याचा वेग १०० मेगाहर्ट्‌झच. एकाकडे साठा मोठा, दुसऱ्याकडे अंतर कमी. असा हा सामना होता.

त्यात दुसरा भेद हिशेबाचा. पूर्णांकांचे काम, म्हणजे पत्र लिहिणे, खतावणी ठेवणे, याद्या लावणे, यांत के-सिक्स-टू समान आकड्याच्या सेलेरॉनच्या खांद्याला खांदा लावून चाले. दशांश अपूर्णांकांचे काम आले, की मात्र तो मागे पडे. सेलेरॉनचा अपूर्णांक-विभाग कारखान्यातल्या साखळीसारखा होता. एक नग पुरा होण्याआधीच दुसरा कामावर चढे. के-सिक्स-टूमध्ये ही सोय नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी एएमडीने 'थ्री-डी-नाऊ' नावाच्या २१ नव्या आज्ञा त्यात घातल्या. त्या वापरून लिहिलेले खेळ त्यावर खरोखरच वेगाने धावत. पण अभियंत्याच्या रेखांकनाला लागते ती दुहेरी अचूकतेची आकडेमोड, आणि तिथे या आज्ञांचा काही उपयोग नव्हता. म्हणजे कॉलेजात ऑटोकॅडवर यंत्राचे भाग रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याला पेटीवरची ती जाहिरात कितीही मोहक वाटली, तरी त्याच्या कामाची नव्हती.

या दोन घराण्यांच्या कुळकथेत एक मौजेचा योगायोग आहे. इंटेलच्या मूळ पेंटियमच्या घडणीचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते, ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९५ साली ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून १९९७ साली के-सिक्स जन्मला. के-सिक्स-टू हा त्याचाच धाकटा भाऊ. प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या ठाकलेल्या दोन्ही घरांत एकाच माणसाचा वावर होऊन गेला होता.

आता मोलाचा विचार. सेलेरॉन ३००-ए ची घाऊक किंमत आरंभी १४९ डॉलर होती. त्याच दिवशी इंटेलने ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम-टू ६६९ डॉलरना जाहीर केला. सेलेरॉनची बाहेरच्या जगाशी देवघेव ६६ मेगाहर्ट्‌झने चाले. ती मदरबोर्डवर १०० केली, की हाच ३०० चा प्रोसेसर पुष्कळदा ४५० ने बिनतक्रार धावतो, असे हौशी मंडळींच्या ध्यानात आले. जगभर त्याचा गवगवा झाला. पण ही युक्ती दुसऱ्याच्या अंगणात जितकी शोभली, तितकी जबलपुरात शोभेलच असे नव्हते. मूळ वेगाला हे दोन्ही प्रोसेसर वीस वॅटच्या आत उष्णता देत. वेग दीडपट केला, की उष्णताही त्या प्रमाणात वाढणार. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पंख्याने आत ओढायची हवाच जिथे तापलेली, तिथे हिवाळ्यात सुरळीत चाललेले यंत्र उन्हाळ्यात ऐन परीक्षेच्या वेळी बंद पडण्याचा धोका होताच. ज्याला एकच संगणक आयुष्याच्या पुंजीतून घ्यायचा आहे, त्याने हौशी माणसाचे धाडस उसने घेऊ नये.

शिवाय प्रोसेसर एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्याबरोबर मदरबोर्डही येतो. के-सिक्स-टू जुन्या पेंटियमच्याच धर्तीच्या सॉकेटमध्ये बसे. घरात आधीचा पेंटियम असेल आणि त्याचा बोर्ड २.२ व्होल्टचा पुरवठा करू शकत असेल, तर नुसता प्रोसेसर बदलून कायापालट होई. नवा बोर्ड घ्यायचा झाला, तरी तो स्वस्त मिळे. सेलेरॉनला स्लॉट-वन जातीचा निराळा बोर्ड लागे. पण पुढचा विचार केला, तर पारडे फिरे. के-सिक्सच्या त्या वाटेचा शेवट जवळ आला होता. १९९९ साली एएमडीने ॲथलॉन आणला, तो वेगळ्याच खाचेत बसणारा. उलट, बीएक्स चिपसेटचा चांगला स्लॉट-वन बोर्ड घेतलेल्याला पुढे पेंटियम-थ्रीपर्यंत जाता आले. आज वाचवलेले पैसे आणि उद्या वाचणारे पैसे, यांतला हा नेहमीचाच झगडा होता.

मग त्या गृहस्थाने करावयाचे काय होते? घरचा व्यवहार पत्रे, हिशेब आणि मराठी मजकुराच्या टंकनापुरता असेल, तर के-सिक्स-टू घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांतून मुख्य स्मृती ३२ ऐवजी ६४ मेगाबाइट करावी. विंडोज-९८ वर तो बदल प्रोसेसरच्या फरकाहून अधिक जाणवे. मुलगी अभियंता होणार असेल, रेखांकन आणि गणित हेच तिचे काम असेल, तर सेलेरॉन ३००-ए घ्यावा; थोडे अधिक पडले, तरी ते तिच्या रोजच्या तासांत वसूल होत. आणि कॅश नसलेला पहिला सेलेरॉन कोणी स्वस्त म्हणून पुढे केला, तर नम्रपणे नको म्हणावे.

आज दोन्ही प्रोसेसर अडगळीत गेले आहेत. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये त्यांची चौकशी केली, तर विक्रेता कौतुकाने पाहील. पण त्यांच्या स्पर्धेने एक गोष्ट साधली. एएमडीचा रेटा नसता, तर इंटेलने स्वस्त प्रोसेसरच्या घरात ते छोटे फडताळ इतक्या तातडीने बसवले नसते. दोन बलाढ्य कंपन्यांच्या चुरशीचा लाभ त्यांचे नावही नीट न उच्चारता येणाऱ्या एखाद्या फिटरच्या घरापर्यंत पोचला.

पेट्या बदलल्या, आकडे वाढले. मेगाहर्ट्‌झच्या जागी गिगाहर्ट्‌झ आले. मात्र घेणाऱ्यापुढचा प्रश्न तोच राहिला आहे. अल्पमोल कोणते, हे दुकानातल्या पाटीवर वाचता येते. बहुगुणी कोणते, हे मात्र घरातले काम ओळखल्यावाचून कळत नाही. आणि ते काम कोणत्याही पेटीवर छापलेले नसते. लेथवरच्या कारागिराला हे कोणी शिकवले नव्हते. तो फेरे ऐकून घेई, आणि नग मोजी.