छातीवर बसते ते कोण?

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर दिलेले भाषण)

 

वर्धापनदिनाच्या भाषणाचे विषय साधारणपणे ठरलेले असतात. यंदा समितीने "तुम्हाला वाटेल त्यावर बोला" असे सांगितले, म्हणून आम्ही झोपेवर बोलणार आहोत. हसू नका. भाषण ऐकता ऐकता ज्यांना झोप लागते त्यांनाही हा विषय सोयीचा आहे.

आधी एक विचारतो. हात वर करायची गरज नाही, मनातल्या मनात उत्तर द्या. पहाटे जाग आली आहे, खोली दिसते आहे, कोपऱ्यातला माठ दिसतो आहे, शेजारी कोण निजले आहे तेही समजते आहे. पण हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर धानाचे पोते ठेवल्यासारखे झाले आहे आणि खोलीत कोणीतरी आहे अशी पक्की खात्री वाटते आहे, असे आपल्यापैकी किती जणांना झाले आहे? आम्हाला वाटते, या मंडपात दोन-चार तरी निघतील. आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे कोणालाच सांगितलेले नसेल.

आपल्या मोहल्ल्यातल्या एका मुलीने मात्र सांगितले होते. ती आज सभेत नाही, पण तिची परवानगी घेऊनच आम्ही बोलतो आहोत. नाव सांगत नाही. २०१८ साली ती बारावीला होती. रात्री दोन-अडीचपर्यंत अभ्यास, पहाटे पाचला पुन्हा उठणे. एक दिवस ती विहारात आम्हाला म्हणाली, "काकाजी, डोळे उघडे राहतात, पण हात हालत नाही. दारापाशी कोणीतरी उभं राहते अन् मंग छातीवर येऊन बसते."

आम्ही काय केले असेल? आम्ही हसलो. जवळ चार जाणती माणसे बसली होती, तीही हसली. आम्ही म्हणालो, "पोरी, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला कशाकशातून बाहेर काढलं, आणि तू भुताच्या गोष्टी करतेस? भूतबित काही नसते. अभ्यास कर." भाषण चांगले झाले असे आम्हाला वाटले. ती मान खाली घालून गेली. पुन्हा या विषयावर ती विहारात कोणाशी बोलली नाही.

पण रात्री त्रास चालूच होता. घरचे घाबरले. आजीने गावाकडच्या एका मांत्रिकाचे नाव काढले आणि एका अमावस्येला पोरीला तिकडे नेले. त्याने खोली बंद करून तिला मिरच्यांची धुरी दिली. दोन दिवस तिचे डोळे उघडत नव्हते. हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि कळले तेव्हाही आम्ही आजीलाच दोष दिला.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून टाकतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, हे त्यात स्पष्टपणे गुन्हे म्हणून लिहिले आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षे, शिवाय दंड. असे कोठे चालले असेल तर पोलीस ठाण्यात जायला लाजू नका. पण कायदा मांत्रिकासाठी आहे. आम्ही हसलो त्याला कोणते कलम लावणार?

आता कचारगडकडे येतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यातच, सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड बांधवांची कोयापुनेम यात्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा असे कुठून कुठून लोक येतात. (माघ पौर्णिमा बौद्धांनाही महत्त्वाची आहे, हे जाता जाता लक्षात असू द्या.) आमचे एक गोंड मित्र बरीच वर्षे बोलावत होते. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही एकदाचे गेलो. तिकडे "जय सेवा" म्हणतात, आम्ही "जय भीम" म्हटले, त्यांनी "जय भीम, जय सेवा" असे दोन्ही म्हटले, आणि जेवायला बसवले.

आदल्या रात्री झोप झाली नव्हती. दिवसभर पायी फिरणे झाले. रात्री पायथ्याच्या धनेगावात मंडपात तणीस पसरली होती, त्यावर ओळीने माणसे निजली. थंडी चांगलीच होती. आम्ही पिशवी उशाला घेतली आणि उताणे पडलो, ते केव्हा डोळा लागला समजले नाही.

पहाटे जाग आली. मंडपातला दिवा दिसत होता. लांब कोठेतरी ढोल वाजत होता, तोही ऐकू येत होता. उठावे म्हणून हात टेकायला गेलो तर हात नाहीच. म्हणजे आहे, पण आपला नाही. पाय नाही, मान नाही. मग पायाशी काहीतरी काळे उभे आहे असे वाटले. चेहरा नव्हता, पण ते आमच्याकडेच पाहते आहे याची खात्री होती. ते वर सरकले आणि छाती दाबली गेली. मित्राला हाक मारायला गेलो, घशातून नुसता घुं-घुं आवाज.

आणि बंधू-भगिनींनो, खरे सांगतो, त्या क्षणी आम्हाला बावीस प्रतिज्ञा आठवल्या नाहीत. विज्ञान आठवले नाही. पहिला विचार आला तो असा, की दुसऱ्यांच्या देवाच्या जागेत आलो, काही चुकले तर नाही ना? चाळीस वर्षे लोकांना सांगणारे आम्ही!

तेवढ्यात मित्राने आमच्या खांद्याला हात लावून नावाने हाक मारली, आणि एका झटक्यात सगळे सुटले. अंग घामाने भिजले होते. काळे काही नव्हते. मित्राला सांगितले तर तो शांतपणे म्हणाला, "होते असं, भाऊ. माझ्या बापाले जागलीवर होत होतं. माय म्हणे, त्याले उताणा निजू देऊ नका, अन् असा आवाज आला का हात लावून हाक मारा." बस्स. ना धुरी, ना अंगारा. त्या मायने कोणते पुस्तक वाचले होते?

सकाळी डोंगर चढून गुहेत गेलो. गोंड बांधव सांगतात की तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडाशी मोठी शिळा होती. पहांदी पारी कुपार लिंगो आणि वादक हिरासुका पाटालीर यांनी त्यांना बाहेर काढले, त्यात हिरासुकाने प्राण दिला. त्यांच्या पुनेमाचा अर्थ लावणारे आम्ही कोण? पण आत अंधारात बसलो असताना आम्हाला सारखी ती बारावीची पोरगी आठवत होती. ती आतून ओरडत होती आणि आम्ही बाहेर बसून तिला शिळाच नाही म्हणून सांगत होतो.

परत आल्यावर वाचायला सुरुवात केली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही विचारले. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात मांडतो. याला इंग्रजीतून आलेले नाव स्लीप पॅरालिसिस. झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात, आणि फेऱ्याच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. ठसठशीत स्वप्ने बहुतेक याच टप्प्यात पडतात, आणि पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो.

स्वप्नात आपण पळतो, भांडतो. मग खाटेवरून उठून खरोखर का पळत नाही? कारण त्या वेळी मेंदूच्या खालच्या भागातून हातापायांच्या स्नायूंना ब्रेक लागलेला असतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढा सुटा असतो. ही निसर्गाची सोय आहे, रोज रात्री प्रत्येकाला होते, आपल्याला पत्ता नसतो. आपल्यात रेल्वेची मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना लगेच समजेल: कधी कधी इंजिन सुरू होते, ड्रायव्हर जागा असतो, पण ब्रेक अजून सुटलेले नसतात. जाग आली, ब्रेक तसाच. झाले, स्लीप पॅरालिसिस. काही सेकंद, फार तर काही मिनिटे. मग आपोआप सुटतो.

छातीवरचे ओझे कशाचे? रेम झोपेत बरगड्यांचे स्नायू ढिले असतात, श्वास उथळ चालतो. घाबरून आपण मोठा श्वास घ्यायला जातो, तो घेता येत नाही, म्हणून दाबल्यासारखे वाटते. श्वास बंद मात्र पडत नाही. आणि ती काळी आकृती? स्वप्न अर्धे चालू असते, उघड्या डोळ्यांपुढच्या खोलीत ते मिसळते. त्यात मेंदूचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग जागा झालेला असतो. घंटा वाजली की मेंदू चोर शोधतो, आणि नाही सापडला तर तयार करतो.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. जपानात याला धातूने जखडणे अशा अर्थाचा शब्द आहे, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी चेटकीण येऊन बसते म्हणतात, इजिप्तमध्ये जिन. फ्युसेली नावाच्या चित्रकाराने १७८१ साली उताण्या झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेला राक्षस रंगवला आहे. म्हणजे बसणारा देशोदेशी वेश बदलतो, बसायची जागा तीच! २०११ साली ३५ अभ्यासांतील ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता. विद्यार्थी पुढे का, ते आमच्या बारावीच्या मुलीला विचारा. अपुरी झोप, झोपेच्या बदलत्या वेळा, काळजी आणि उताणे निजणे, ही मुख्य निमित्ते. रात्रपाळीवाल्यांनीही लक्षात घ्यावे.

बालंद जलाल नावाच्या संशोधकाने डेन्मार्क आणि इजिप्तच्या लोकांची तुलना केली. जिथे जिनवर विश्वास होता तिथे मरणाची भीती जास्त आणि जखडलेपणही लोकांना अधिक वेळ टिकल्यासारखे वाटले. म्हणजे समजुतीने त्रास वाढतो. याच संशोधकाने पुढे २०१६ साली एक उपाय मांडला: हे काय आहे ते स्वतःला सांगणे, भीतीपासून जरा दूर होणे, लक्ष आत एखाद्या चांगल्या गोष्टीवर लावणे आणि स्नायूंशी झगडणे सोडून देणे. वाचताना आम्हाला वाटले, हे कुठेतरी ऐकले आहे.

मज्झिम निकायातले चौथे सुत्त भयभेरव सुत्त. त्यात भगवंत जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला बोधीपूर्वीची हकीकत सांगतात. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेच्या रात्री, लोक ज्यांना घाबरतात अशा रानातल्या स्थानांवर ते मुद्दाम राहत. हरिण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला की मनात येई, हीच ती भीती आली. मग काय करत? चालताना भीती आली तर चालता चालताच तिचा निरास करत, थांबत नसत. पडलेले असताना आली तर उठून बसत नसत, पडल्या पडल्याच तिचा निरास करत. हे सुत्त स्लीप पॅरालिसिसवर आहे असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे होईल. पण ज्याला उठताच येत नाही त्याच्या उपयोगाची यापेक्षा चांगली सूचना आम्हाला माहीत नाही. आणि एक पाहा, भगवंतांनी मला भीती वाटलीच नाही असे म्हटलेले नाही. भीती आली, असेच सांगितले आहे.

तेव्हा करायचे काय? असे झाले तर झगडू नका. श्वास चालू आहे त्याकडे लक्ष द्या, पायाचे एखादे बोट हलवून पाहा. कुशीवर निजा. झोपेची वेळ शक्यतो ठरलेली ठेवा आणि मोबाईल उशाशी नको. घरात कोणी घुं-घुं करत असेल तर हात लावून नावाने हाक मारा. मात्र वारंवार होत असेल, दिवसा न आवरणारी झोप येत असेल, किंवा हसताना-रागावताना गुडघ्यांतून एकदम बळ जात असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर औषधे आहेत.

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आजी दारातच होत्या. मुलीला म्हणालो, "बेटा, आमचं चुकलं. आम्हालाही झालं, कचारगडला." ती आधी हसली, आमच्यावर हसायचा तिचा हक्कच होता. मग आजीसमोर तिने पहिल्यापासून सगळे सांगितले, आणि या वेळी आम्ही मध्ये बोललो नाही. सांगून झाल्यावर आजी हळूच म्हणाल्या, "मले बी होत होतं, लग्न झालं तवा." पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्यांनी हे पहिल्यांदा सांगितले.

मुलगी आता नर्सिंग करते आहे, वसतिगृहात राहते. तिला अजूनही कधीतरी होते, परीक्षेच्या दिवसांत. म्हणते, "काकाजी, आता भीती कमी अन् कंटाळा जास्त येते." गेल्या महिन्यात तिच्या खोलीतली एक मुलगी पहाटे तसाच आवाज करत होती. हिने दिवा लावला नाही, आरडाओरडा केला नाही. खाटेशी जाऊन तिचा हात धरला आणि तिला नावाने हाक मारली.

एवढे बोलून आम्ही थांबतो. कोणाला काही विचारायचे असेल तर जेवणानंतर आम्ही बोधिवृक्षाखाली बसणार आहोत. जय भीम.